सुताच्या काट्यावर

वडगावात, आमच्या गल्लीत,
जेवणाला घड्याळ कधी नव्हतंच.
करंट गेला की जेवण.
माग थांबला, कान मोकळे झाले,
की पहिला आवाज पोटाचा.
वीस वर्षं मी अशीच जेवले,
उभ्यानं, एका हातात भाकरी,
एक डोळा मीटरच्या डब्यावर,
दिवा लागायच्या आत गिळायचं.

आता शैला हुक्केरी सांगते,
मावशी, व्यायामाआधी तासभर काहीतरी हलकं,
नंतर डाळ, अंडं, मोडाची मटकी,
रात्री आठनंतर भात नको.
सव्वीस वर्षांची पोर. दंड मागाच्या दांड्यासारखे.
गिरणीवरच्या माळ्यावर तिची व्यायामशाळा,
खाली ज्वारी दळतात, वर आम्ही.
उड्या मारल्या की तुळईवरचं पीठ
केसांवर उतरतं,
सगळ्याजणी एकदम म्हाताऱ्या दिसतो
आणि हसत सुटतो.

पहिल्या दिवशी मी उपाशी गेले.
वाटलं, रिकामं पोट म्हणजे अर्धं काम झालं.
दहाव्या बैठकीला डोळ्यांपुढे
इरकलीचे काठ नाचले, हिरवे, मग तांबडे,
आणि मी जिन्यातल्या पोत्यावर बसले.
दुसऱ्या दिवशी जेवून गेले.
वांग्याचं भरीत, दोन भाकऱ्या.
पुढचं सांगत नाही.

तिसऱ्या दिवसापासून केळं. साडेचारला. एकच.
साडेचारला मागाचं बटण मी बंद करते.
करंट असताना.
पहिल्यांदा केलं तेव्हा भरमाण्णा आतून ओरडले,
"काय झालं गं? लाईट गेली काय?"
"न्हाई," म्हटलं, "मी खाऊलालोय."
बराच वेळ आतून काहीच आवाज नाही.

पलीकडची गंगव्वा कट्ट्यावरनं विचारते,
ऊटा आतेनवा?
ह्याला उत्तर एकच असतं, आत्री,
झालेलं असो, नसो.
मी म्हणते, स्वल्प तडी, अजून वीस मिनिटं.
ती बघतच राहते.
जेवणाला मिनिटं असतात
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मला तरी कुठं.

घरात काटा नाही.
शनिवारी साड्या घालायला जाते बसलिंगप्पांच्या दुकानी,
गाठोडं उतरलं की चप्पल काढून
त्याच सुताच्या काट्यावर चढते.
दिवाणजी चष्मा वर करून वाचतो,
चौऱ्याहत्तर, चारशे.
आणि वहीत लिहूनही ठेवतो, माझ्या नावापुढे,
बॉबिनच्या हिशेबाखाली.
साडेअठ्ठ्याहत्तरवरून इथवर आले.
मग तीन शनिवार काटा ढिम्म.
चौथ्या शनिवारी सांबऱ्याला लग्न होतं,
पानात कुंदा.
दोनदा घेतला. दुसऱ्यांदा मागून.

रविवारी गेले नाही. सोमवारीही नाही.
गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं,
आणि तो खरंच दुखत होता, म्हणजे
खोटंही धड बोलता आलं नाही.
शैलाचा फोन आला नाही.
मंगळवारी ज्वारीचा डबा घेऊन गेले, नुसतीच दळायला.
गिरणीवाला पट्टा चढवत म्हणाला,
"मावशी, दोन दिस वरनं पीठ कमी पडूलालंय बघा."
डबा तिथंच ठेवला.
जिना चढले.
त्या दिवशी केळं खाल्लेलं नव्हतं,
तीसच बैठका झाल्या.

रात्री नवाला करंट जातो.
गल्लीभर माग एकेक करून गप्प होतात,
ताटं वाजायला लागतात,
आणि माझं पोट, जुनं नोकर माणूस,
सवयीनं उठून उभं राहतं.
बस, म्हणते त्याला.
पाणी पिते.
अंधारातून गंगव्वा विचारते,
ऊटा आतेनवा?

आत्री, म्हणते मी.
आणि झालेलं असतं.